स्वल्पविराम कुठे आहे?

माझ्या डाव्या कर्ण्याची जाळी चेपलेली आहे आणि माझ्या अंगावरचं कारखान्याचं नाव कधीच घासून गेलं आहे. पण मित्रांनो, म्हणून मला कुणी साधासुधा टेपरेकॉर्डर समजू नये. पादांगच्या विद्यापीठात मी वर्षानुवर्षं साहित्य शिकवलं आहे. निदान शिकवायला मदत तरी केली आहे.

माझी सुरुवात मात्र बसमध्ये झाली. ताहेरमामांची बस पादांगहून डोंगर चढून बुकितिंगीला जायची. चालकाच्या मागच्या फळीवर त्यांनी मला दोरीने घट्ट बांधलं होतं. वळणावळणावर मी आमच्या मिनांग लोकांची गाणी वाजवायचो. आमच्याकडची मुलं मिसरूड फुटलं की पोटासाठी परमुलखात जातात, त्यामुळे आमची गाणीही बहुतेक घर सोडल्याची. उतारू डोळे पुसत उतरायचे आणि म्हणायचे, "गाडी खिळखिळी आहे, पण गाणी काय लावतो हा ताहेर!"

मामांची भाची शफ्निदार विद्यापीठात शिकवायला लागली. आमच्यात भाचीच्या शिक्षणाचा अभिमान बापाइतकाच मामाला असतो. त्यांनी माझी दोरी सोडली आणि मला तिच्या हातात दिलं.

"घे. वर्गात लाव. पोरं जागी तरी राहतील."

"मामा, मी नाच नाही शिकवणार. गाण्यांचे शब्द शिकवणार आहे. कवितेसारखे."

"शब्द? ते तर माझ्या सगळ्या उतारूंना पाठ आहेत!"

"पाठ आहेत, म्हणूनच कुणी त्यांच्याकडे बघत नाही," ती म्हणाली.

शफ्निदारची शिकवण्याची रीत मला फार आवडली. ती गाणं लावायची, मध्येच माझी कळ दाबून मला गप्प करायची आणि विचारायची, "हे कोण बोलतंय? कुणाला? आणि काय बोलायचं टाळतंय?" पहिल्या आठवड्यात मुलं खिदळली. महिन्याभरात भांडू लागली. मुलं शब्दांवरून भांडतात यासारखं सुख नाही.

पण आमच्या विभागाचे प्रमुख पाक बुरहानिस यांना हे मुळीच पसंत नव्हतं. सरांना आमच्याकडे पाक म्हणतात आणि बाईंना बू. पाक बुरहानिसांची हयात जुन्या पोथ्या वाचण्यात गेली होती. एक दिवस ते दारात उभे राहिले आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "बू शफ्निदार, हा साहित्याचा विभाग आहे की बसथांबा?"

"दोन्हीकडे माणसंच असतात, पाक."

"बोलण्यात तुम्ही हार जाणार नाही. पण चाल काढून घ्या, तुमची गाणी गळून पडतील. पुढच्या वर्षी हा विषय ठेवायचा की नाही, ते मला ठरवायचं आहे. मी वर्गात येऊन बसतो. ते यंत्र बंद राहील. नुसते शब्द उभे राहिले, तर विषय राहील."

"ठरलं," शफ्निदार म्हणाली. तिचा आवाज जराही हलला नाही.

तो दिवस उजाडला. पाक बुरहानिस शेवटच्या बाकावर हाताची घडी घालून बसले. माझी वायर काढलेली होती. शफ्निदारने युस्नेल्मा नावाच्या गायिकेचं एक गाणं निवडलं होतं. युस्नेल्मा सोलोककडची. तिच्या दोनचारच कॅसेटी निघाल्या, पण त्या प्रत्येक बसमध्ये होत्या. शफ्निदारने फळ्यावर नुसते शब्द लिहिले. विरामचिन्ह एकही घातलं नाही.

बगळा उडाला तळ्यावरून मागे राहिलं शेत
चिखलात कुणी लावून गेलं हिरवं हिरवं रोप
आई गं ईदेला बसू नको तू दाराशी थंडीत
येईन मी नाही तर येईल निरोप

"पहिल्या दोन ओळी यमकापुरत्या," पाक मागूनच म्हणाले. "बगळ्याचा आईशी काय संबंध?"

रोस्नेली नावाची मुलगी उठली. ती एरवी फारशी बोलत नसे. "पाक, बगळा म्हणजे घर सोडून गेलेला मुलगाच. उडून गेला. पण रोप लावणारा गेला तरी रोप रुजलंय. त्याचं मन मागेच आहे. तो परत येणार आहे."

"कुठं येणार आहे? शेवटची ओळ वाच. 'येईन मी नाही, तर येईल निरोप.' साफ सांगतोय. मी येणार नाही, निरोपावर भागवा."

"असं नाहीये ते! 'येईन मी, नाही तर येईल निरोप.' येणारच. अगदीच अडलं, तर निरोप पाठवीन."

"स्वल्पविराम कुठे आहे, ते तू ठरवणार?"

"मग तुम्ही कसं ठरवलंत, पाक?"

वर्गात कुणीतरी जोरात "वा!" म्हटलं. वर्गाचे सरळ दोन तट पडले. एक मुलगा म्हणाला, दाराशी बसू नको असं सांगतो, म्हणजे यायचं नाहीच. दुसरी म्हणाली, अरे, थंडी आहे म्हणून सांगतोय, आईची काळजी आहे त्याला. पाक बुरहानिस बाकावरून उठले, फळ्याशी आले, खडू घेतला आणि 'नाही'च्या पुढे स्वल्पविराम काढला. रोस्नेलीने येऊन तो पुसला. तास संपल्याची घंटा झाली. कुणी हललं नाही.

"मुलं असंच बोलतात!" पाक एकदम मोठ्याने म्हणाले. "येतो येतो म्हणतात आणि येत नाहीत! माझा जाकार्तात आहे. तीन ईदा झाल्या. हे गाणं कुठे वाजलं, की त्याची आई स्वयंपाकघरातून बाहेर येत नाही."

पाकांनी खडू खाली ठेवला. मग माझ्याकडे पाहिलं.

"बू शफ्निदार, ती गाते कशी? श्वास कुठे घेते?"

"यंत्र बंद ठेवायचं ठरलं होतं, पाक."

"लावा हो ते!"

मित्रांनो, मी आयुष्यात हजारो गाणी वाजवली, पण त्या दिवशी वाजवलं तसं कधीच नाही. तीन कडवी, आणि प्रत्येकाच्या शेवटी तीच ओळ. पहिल्या कडव्यात युस्नेल्मा ती एका श्वासात म्हणते, कुठेच थांबत नाही. दुसऱ्यात 'मी'नंतर थांबते. रोस्नेलीचा चेहरा उजळला. तिसऱ्या कडव्यात मात्र ती 'नाही'नंतर थांबते.

शब्द तेच. पण गाण्याच्या सुरुवातीला मुलाचं काहीच ठरलेलं नव्हतं, मध्यावर त्याला आशा होती आणि शेवटी त्याला उमगलं होतं की आपलं घरी जाणं होणार नाही. फळ्यावरच्या त्या एका ओळीत हे सगळं मावलेलं होतं.

पाक बुरहानिस दाराकडे वळले. जाताना म्हणाले, "पुढच्या वर्षीही ठेवा हा विषय. आणि माझ्याकडे पोथ्या शिकणाऱ्या पोरांनाही बसू द्या."

दोन दिवसांनी ते एकटेच आले. शफ्निदार वह्या तपासत होती. "बू, ते गाणं लावता?" त्यांनी हळूच विचारलं. "दुसऱ्या कडव्यापर्यंतच. पुढचं नको." मी दोन कडवी वाजवली. शफ्निदारने बरोबर वेळेवर कळ दाबली आणि मान वर केली नाही.

पुढे माझे वैभवाचे दिवस आले. दुसऱ्या विभागांतली मुलं खिडकीत उभी राहून ऐकायची. मग संगणक आला, मग खिशातले फोन आले. मला कपाटावर चढवलं गेलं आणि माझ्यावर चहाचा थर्मास ठेवला जाऊ लागला. आतला रबरी पट्टा चिकट होऊन विरघळला. कपाटातल्या कॅसेटींना बुरशी लागली. बू शफ्निदार निवृत्त झाल्या, आणि युस्नेल्माचं ते गाणं कुणाच्याही फोनमध्ये नव्हतं.

रोस्नेली आता तिथेच शिकवते. तिने मला खाली उतरवलं, नवा पट्टा बसवून घेतला, फिती पुसल्या. पाच कॅसेटी वाचल्या, त्यांत युस्नेल्माची ती एक. बाकीच्या गेल्या. त्यांतले आवाज आता जगात कुठेच नाहीत.

परवा एक मुलगा फोनवरचं नवं गाणं ऐकवून म्हणाला, "बू रोस्नेली, हे अगदी भिकार आहे. यात शिकण्यासारखं काय आहे?"

"भिकार आहे?" रोस्नेलीने त्याच्या हातात खडू दिला. "ये पुढे. ओळ न् ओळ घे आणि सिद्ध कर."

पहिली ओळ त्याने झोडपून काढली. दुसऱ्या ओळीशी अडला आणि म्हणाला, "ही मात्र बरी आहे हं."

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. घरात जुन्या फिती असतील तर त्या वर्षातून एकदा तरी फिरवा, नाहीतर त्या आतल्या आत चिकटतात. आणि जे गाणं तुम्ही आंघोळ करताना, भांडी घासताना न बघता गुणगुणता, ते एकदा कागदावर उतरवा. चाल बाजूला ठेवा आणि विचारा, हे कोण बोलतंय, कुणाला. मग पुन्हा चाल लावा. बुरशी फितीला लागते, तशी ती न ऐकलेल्या शब्दांनाही लागते.