तेरा नंबरची खाच

मी एक रुंद पोटाचं प्रवासी विमान बोलतोय. दोन इंजिनं, आत दोन लांब वाटा, शेपटीकडचा रंग उडालेला.

आमच्या आधीच्या बहुतेक विमानांत मधोमध एकच वाट असे. खाण्याची गाडी आली की माणूस अडकलाच. माझ्या थोरल्या भावाने दोन वाटा आणल्या. त्याला लांबवून मी झालो. माझ्यामागून मालवाहू भाऊ आला, त्याला खिडक्याच नाहीत. धाकट्याचे पंख हलके, त्यामुळे कौतुक सगळं त्याचं. चार इंजिनांची चुलत घराणी आम्हाला हसायची, "दोन इंजिनांवर समुद्र ओलांडणार म्हणे!" आम्ही ओलांडला.

पण थोरला एकदा मरता मरता वाचला. उतरताना त्याच्या पंखाची झडप अर्धवट उघडून अडली. धावपट्टी संपायला दोनशे पावलं उरली तेव्हा तो थांबला. झडपेत कुणाची तरी विसरलेली विजेरी निघाली. तेव्हापासून आमच्या घराण्यात नियम झाला: प्रत्येक हत्याराला पेटीत त्याच्याच आकाराची खाच. एक जरी खाच रिकामी राहिली, तरी विमान हलायचं नाही.

मी बावीस वर्षांचा असतानाची गोष्ट. दुपारचे एक वाजून चाळीस मिनिटं झाली होती. सगळे ज्यांना काका म्हणत ते जुने मेकॅनिक माझ्या शेपटीत शिरले होते. तिथे आट्यांचा एक लांब स्क्रू उभा असतो. तो शेपटीचे पंख हलवतो, आणि माझं नाक वर जायचं की खाली, हे त्यावर ठरतं. काका त्याला ग्रीस भरत होते.

ड्युटीवरचे साहेब खालून ओरडले, "काका, झालं ना? पलीकडच्या विमानाचं चाक बघा. पळा!"

"पाच मिनिटं द्या."

"पाच मिनिटं असती तर तुमच्यामागे लागलो असतो का?"

काकांनी हातातला पाना क्षणभर कडेला ठेवला, झाकण लावलं आणि पळाले. पाना आतच राहिला. स्क्रूपासून वीतभर अंतरावर.

अडीचला हत्यारखोलीतल्या ताईंनी पेटी उघडली. "काका, तेरा नंबर कुठंय?"

काकांनी खिसे चाचपले. "असेल इथंच."

"इथंच म्हणजे कुठं? खाच रिकामी आहे. मी सही करणार नाही."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि त्या वळल्या. काकांना पूर्वी एक लेखी ताकीद मिळाली होती. दुसरी मिळाली की परवाना गेला. पाना पलीकडे चाकाजवळच पडला असणार, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. कपाटातून स्वतःचा तसलाच पाना आणला आणि खाचेत बसवला.

"सापडला?"

"सापडला."

हत्यारखोलीच्या पान्यावर खालच्या बाजूला नंबर कोरलेला असतो. पण ताईंनी काकांचा शब्द कधी उलटून पाहिला नव्हता, पाना तरी कशाला पाहतील? त्यांनी सही केली.

माझ्या पोटात दोनशे सत्त्याऐंशी माणसं बसली. दारं लागली. नाक वर झालं की पाना मागे घसरून आट्यांत अडकणार, हे फक्त मला ठाऊक होतं. पहिलं इंजिन सुरू झालं. पाना थरथरला, बोटभर सरकला. आयुष्यभर मी गर्जत आलो. त्या क्षणी मात्र मला गप्प व्हायचं होतं आणि होता येत नव्हतं. दुसरं इंजिन सुरू झालं. आणखी बोटभर.

काका तेव्हा पलीकडच्या चाकाखाली गुडघ्यांवर बसून जमीन शोधत होते. तिथे काही नव्हतं. त्यांनी मान वर करून माझ्या शेपटीकडे पाहिलं, आणि धावत सुटले. माझ्या नाकासमोर येऊन दोन्ही हात डोक्यावर उंच करून त्यांनी फुली केली. थांबा.

वैमानिकाने इंजिनं बंद केली.

"काका, वेड लागलंय का?" साहेब धापा टाकत आले.

"शेपटी उघडा. पाना आत आहे. ताईंशी मी खोटं बोललो."

पाना निघाला. ताईंनी तो हातात घेऊन खालची बाजू पाहिली आणि काकांकडे न बघता म्हणाल्या, "मीच म्हणायला हवं होतं, नंबर दाखवा म्हणून."

सगळं पुन्हा तपासायला तीन तास दहा मिनिटं लागली. आत शिव्याशाप चालले होते. खिडकीतल्या एका आजोबांनी खाली उभ्या काकांकडे बोट दाखवलं. "तो बघा, त्याच्यामुळे! नातीचं लग्न आहे हो संध्याकाळी. उतरल्यावर पुढची गाडी आता पहाटेचीच. कसला पोचतोय मी!"

काकांचा परवाना गेला. ते पुन्हा माझ्याजवळ आले नाहीत. त्यानंतर मी नऊ वर्षं उडलो. आता एका मोकळ्या माळावर उभा आहे. इंजिनं उतरवलीत, खिडक्यांना कागद चिकटवलेत. सोमवारी कापायला घेणार आहेत.

त्याआधी एक मागणं आहे. त्या आजोबांची नात कुठे भेटली, तर तिला सांगा: त्या माणसामुळे आजोबा तुझ्या लग्नाला पोचले नाहीत. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोचले, तेही त्याच्यामुळेच.