कपाटातले आठ दिवस

मी बगळा बोलतोय. खरा नव्हे, लाकडी. उडायचं सोडाच, मागे कोण उभं आहे हेही मला मान वळवून बघता येत नाही. त्यामुळे माझा जीव कायम टांगणीला.

कुणाच्या तरी जिन्याचा कठडा करून उरलेल्या तुकड्यातून सुताराने मला कोरलं. जेवणाच्या सुट्टीत बसला होता, हाताला चाळा म्हणून. वर चकचकीत पॉलिश मारलं आणि म्हणाला, "मान जरा लांबलीच लेका तुझी." मला घरी आणलं ते आबांनी. आतल्या खोल्यांकडून बैठकीच्या खोलीत उतरायला दोन पायऱ्या आहेत. त्यांच्या तोंडाशी एका तिवईवर त्यांनी मला उभं केलं.

पुढे घर भरत गेलं. आबांची सून स्वभावाने मऊ, पण दुकानातून रिकाम्या हाताने परत येणं तिला जमायचं नाही. काचेचे मासे आले, कधीच न पेटवलेल्या मेणबत्त्या आल्या, प्लॅस्टिकची वेल आली, 'दिसायला छान' म्हणून बंद पडलेलं घड्याळही राहिलं. एका फोटोफ्रेममध्ये तर दुकानातलंच अनोळखी जोडपं अजून हसत होतं! बिचारीची प्रत्येक सुट्टी धूळ पुसण्यात जायची. एकदा पुसतापुसता एक मासा फुटला, पायात काच घुसली आणि तिने फडकं फेकलं.

"पुरे झालं! हे घर आहे की दुकान? सगळं आठ दिवस कपाटात. ज्याची कुणाला आठवण येईल ते बाहेर. बाकीचं खोक्यात भरून देऊन टाकायचं."

मला उचलताना ती म्हणाली, "याच्या मानेचं पॉलिश तर पार उडालंय." अगं बाई, ते कशाने उडालं हे तरी विचार!

दोन वर्षांपासून आबांना अंधुक दिसत होतं. भिंतीला हात लावत ते यायचे, माझी मान हाताला लागली की थांबायचे, मग पाय खाली टाकायचे. एकदा हळूच मला म्हणाले, "कुणाला बोलू नकोस रे. कळलं की ही मंडळी मला एकट्याला फिरायलाही जाऊ देणार नाहीत." मी कुणाला सांगणार होतो?

कपाटात मी घड्याळाशेजारी होतो. दुसऱ्याच दिवशी नातीने एक मासा मागून नेला. चौथ्या दिवशी आबांच्या मुलाचा आवाज आला, "इथे काहीतरी होतं ना गं?" मी जीव मुठीत धरून ऐकत राहिलो. तर तो म्हणाला, "जाऊ दे, आठवत नाही."

आबा काही विचारेनात. कसे विचारणार? मला मागितलं असतं तर डोळ्यांचं उघड झालं असतं.

दाराआडून त्यांची पावलं मात्र ऐकू यायची. आधी सरळ येणारी पावलं आता पायरीपाशी अडायची, घासत घासत कडा शोधायची. सुरुवातीला मला खोक्याची भीती वाटत होती. पाचव्या दिवसापासून मला त्या पायरीचीच भीती वाटू लागली.

सातव्या दिवशी सकाळी धाडकन आवाज झाला. पाठोपाठ कप फुटल्याचा.

"आबा! लागलं का? पायरी दिसली नाही का तुम्हाला?" सून धावत आली होती.

मग आबा म्हणाले, "दिसत नाही गं. बरेच दिवस झाले."

"मग इतके दिवस उतरत कसे होतात?"

"तो बगळा होता ना तिथे."

कपाट उघडलं. सुनेने मला बाहेर काढलं, माझ्या उघड्या मानेवर तळवा ठेवला आणि तिथेच रडत बसली. आबांच्या कोपरावर खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं, म्हणून माझ्याही जिवात जीव आला.

आता डोळ्यांच्या ऑपरेशनची तारीख ठरली आहे. घर खरंच मोकळं झालंय, आणि मलाही ते आवडतं. सून आता प्रत्येक वस्तू घेऊन घरभर फिरते आणि विचारते, "याला कोण हात लावतं?" तुम्हीही घर जरूर मोकळं करा. फक्त एवढं विचारून मग खोकं भरा.

काल मात्र पायऱ्यांना कठडा बसला. आता माझं काय काम? आबा आले, कठडा धरून दोन्ही पायऱ्या नीट उतरले. माझ्याकडे हातही आला नाही.

खाली पोचल्यावर ते थबकले. तसेच कठडा धरून परत वर आले आणि माझी मान चाचपली.

"आहेस ना रे?"

आहे, आबा. तुम्ही विचारताय तोवर आहे.