जिंकणाऱ्याची गाडी

गाडीच्या निळ्या दारावर ब्रशने काढलेला चारचा आकडा. रंग खाली ओघळलेला.

पाण्यानं भरलेली खडीची खाण. तिथं आता लोक पोहतात.

‘खेळाडूने जतन केलेली गाडी शर्यतीनंतर नाहीशी होते. गंभीर दोष. नामंजूर.’

कर्ण्यातून वाचली जाणारी गिऱ्हाइकांची नावं, हातात जळकं सॉसेज.

हे सगळं रेयोचं. कायानी गावाजवळच्या त्या खाणीत पूर्वी रविवारी जुन्यापान्या गाड्यांच्या शर्यती व्हायच्या. शर्यत संपली की कुणीही ठरलेल्या किमतीला कुणाचीही गाडी मागायची, आणि ती द्यावीच लागायची. मागणारे जास्त झाले तर चिठ्ठी. त्यामुळे गाडीत कुणी फार पैसा ओतत नसे, जीव मात्र सगळे ओतायचे.

खाण बंद पडली. म्हातारपणी रेयोनं ती आमच्या कंपनीच्या रेसिंग गेममध्ये पुन्हा बांधली, मॉड म्हणून, म्हणजे खेळणाऱ्यानंच बनवून गेमला जोडलेला भाग, नियमासकट. कॉम्प्युटरवर झकास चालली. पण त्याचे जुने सोबती देशभर पांगलेले, आणि त्यांच्या घरी टीव्हीखाली होते ते कन्सोल. कन्सोलवर मॉड घालायचं तर ते आधी आमच्याकडे येतं, मग कन्सोलवाल्यांच्या तपासणीला जातं. ते काम माझं.

आधी गाडीवरचं, ती बनवणाऱ्या कंपनीचं नाव खरवडलं. मेमरीत मावेना म्हणून खाणीभोवतीचं जंगल अर्धं तोडलं. खऱ्या जंगलाचंही तेच झालंय, असं म्हणून रेयोनं ते चालवून घेतलं. नियम मात्र बसेना. कन्सोलवर मॉडला स्वतःचा कोड नेता येत नाही, आणि खेळाडूची गाडी काढून घेणं तर मुळीच चालत नाही. हा दोष नाही, हाच खेळ आहे, असं मी कळवून पाहिलं. ते अगदी सौजन्यानं नाही म्हणाले.

हे सांगायला मी रेयोच्या घरी गेले. तो कॉफी ओतत होता.

“मग राहू दे, ओउती. नियम नसेल तर ते नुसतं खडीवर गोल गोल फिरणं आहे.”

त्याची बायको मार्केत्ता वेलदोड्याचा पाव कापत होती. एकदा चिठ्ठीत तिचं नाव निघालं आणि रेयोची निळी गाडी तिच्याकडे गेली. ओळख झाली ती तेव्हा. नियमामुळे बायको मिळाली, असं तो प्रत्येक वाढदिवसाला सांगतो.

“नियमानं काय दिलं रे?” ती म्हणाली. “नाही म्हणाला असतास तर शर्यतीचं लायसन्स गेलं असतं, एवढंच. चावी तुझ्या हातात होती. इतका वेळ धरून उभा होतास, मला वाटलं रडतोस की काय.”

“सिगारेट पेटवत होतो.”

“तू सिगारेट ओढतच नाहीस.”

गाडी भेट द्यायचं बटण गेममध्ये पहिल्यापासून होतं, ते मला तेव्हा आठवलं. कुणी वापरत नसे. मॉडला घेता येत नव्हतं. खेळाडूला देता येत होतं. आम्ही कोडमधून नियम काढला आणि शेवटच्या वळणावर एका फळीवर रंगवला: जिंकलास तर दे. मॉड मंजूर झालं.

पहिल्या रविवारी मी त्याच्याकडेच होते. रेयो जिंकला. पडद्यावर गाडी मागणाऱ्यांची नावं आली, बहुतेक जुनीच. चिठ्ठ्या त्यानं कॉफीच्या कपात टाकल्या, मार्केत्तानं एक उचलली. निघालं ते कुणाच्याच ओळखीचं नसलेलं नाव. टीव्हीतून एका जुन्या सोबत्याचा घोगरा आवाज आला: काय रेयो, अंगठा आखडला का?

नुसता दारावरच्या रंगाचा तो ओघळ जमवायला त्याचा सबंध हिवाळा गेला होता.

“नाही दिली तर काय होईल?” त्यानं मला हळूच विचारलं.

“काहीच नाही.”

मार्केत्ता पावाचे चुरे गोळा करत राहिली. त्यानं बटण दाबलं. निळी गाडी त्याच्या यादीतून गेली, ओघळलेल्या चारच्या आकड्यासकट.

१९८६ साली मार्केत्तानं ती गाडी घेतली, तेव्हा तिला गाडी चालवता येत नव्हती.