सांबाराची वाटी

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला व्हता माह्या. समोरचा मानूस नुसता पांढरा धुकट दिसे. वर्ध्याच्या डाक्टरनं साफ सांगतलं, "रुख्माबाई, शुगर उतरल्याशिवाय मी डोळ्याले हात लावत नाई." तिकडं पोरीचं, मंजुषाचं लगन माघात ठरलं व्हतं. मायनं काय चाचपडत अक्षता टाकाव्या? म्या ठरवलं, शुगर उतरवीन म्हंजे उतरवीन.

डाक्टरनं आहार सांगनाऱ्या बाईकडं धाडलं. बाई पुन्याची, नवीनच आलती. म्हने, "आजी, अर्धं ताट पालेभाज्यांचं. उरलेल्या अर्ध्यात थोडी भाकरी, थोडं वरण. भात बंद, चहा बिनसाखरेचा. रोज चालायचं. आणि एक वाटी सांबार घ्या."

मले आजी म्हने! पन सांबाराचं बरं वाटलं. तुमी ज्याले कोथिंबीर म्हनता, त्याले आमी सांबार म्हनतो. आमच्या वावरात ढिगानं होते.

घरी येऊन यायले सांगतलं. गाव त्याईले चंद्रभानजी म्हनते, मी काई मालकाचं नाव घेत नाई. हे हसले. "अवो, सांबार भाजीवर भुरभुरतात. वाटीभर बकरी खाते."

"बाईनं सांगतलं तं खाईन."

"खाय मंग पाला. मी आपला भात, वरन, वरून तूप."

असा राग आला का काय सांगू. रोज बाजूबाजूले जेवाले बसो. मी लसूण-मिरची घालून ठेचलेला सांबार भाकरीसंग चावो, अन् हे मिटक्या मारत. "वा! काय तूप हाय. तुले वास येऊन राह्यला का वो?" वास कायचा येते, माह्या नाकात सांबारच भरला व्हता. भाताचा एक घास मांगाव वाटे. पन मांगतला तं हे जिंकले. मनात म्हनो, खा पोटभर, मले दिसू द्या, मंग पाहून घेईन. संध्याकाळी मंजुषाचा हात धरून गिरडच्या रस्त्यानं चालो, तवाबी हेच मनात.

पुसाच्या महिन्यात शुगर उतरली. आहारवाली बाई खुश झाली. "आजी, सांबार इडलीबरोबर घेत होता का?"

"इडली कायले? भाकरीसंग. देठं बी बारीक चिराची."

"सांबारला देठं?" बाई माह्याकडं पाहतच राह्यली. मंग समजलं, तिचा सांबार म्हंजे हॉटेलातला, तुरीच्या दाळीचा. पोट धरून हसली. म्हने, "एकट्या कोथिंबिरीनं नाही हो उतरत. सगळं ताट बदललंत, चाललात, गोळ्या चुकवल्या नाहीत, म्हणून उतरली."

"कशानंबी उतरो," म्या म्हटलं, "उतरवली तं म्याच."

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली, घरी आलो, जेवाले बसलो. आता पाहतेच म्हटलं यायचा भात. मान वळवली.

ताटात भात नव्हता. तूप नव्हतं. अर्धी भाकर, वरन, अन् वाटीभर सांबार. सदरा खुंटीले टांगल्यावानी अंगावर लोंबून राह्यला व्हता.

"हे काय जी? आज काऊन भात नाई?"

"आज नाई माय," मंजुषा वाढता वाढता बोलली. "तुह्या पथ्याच्या पयल्या दिवसापासून बाबानं भाताले हात नाई लावला."

"मंग मिटक्या कायच्या मारत व्हते?"

यायनं मान खालीच ठेवली. "तुले गोड बोलून समजावलं असतं, तं आठ दिवसांत भातावर आली असती. तुह्या रागावरच भरोसा व्हता मले."

डाक्टरनं डोळ्याले पदर लावू नोको म्हून बजावलं व्हतं, तं पानी तसंच वाहू देल्लं. माह्या वाटीतला सांबार उचलून यायच्या ताटात वाढला.

"घ्या जी," म्हटलं, "थोडं तूप."