दुसरी हाक

ठाण्याच्या उथळसरात इजाबाय राहायची, तेव्हाची ही गोष्ट. साल १८८४. नाताळ उलटून पंधरा दिवस झाले होते आणि तिच्या एकुलत्या एक मुलीच्या, कतरीनच्या लग्नाची पहिली हाक तलावाकाठच्या देवळात देऊन झाली होती.

ख्रिस्ती लोकांत ही रीत आहे. लग्नाआधी लागोपाठ तीन आइतवार देवळातल्या मिस्सेच्या प्रार्थनेवेळी पाद्री नवरानवरीची नावं मोठ्यानं वाचतो आणि म्हणतो, या लग्नाला कुणाला काही अडचण ठाऊक असेल तर त्यानं ती सांगावी. सहसा कुणी काही सांगत नाही. बायका मागं वळून नवरीकडं बघतात, नवरी पदर पुढं ओढते, आणि मिस्सा पुढं चालू होते.

इजाबायचा नवरा दुमिंग मिठागरावर कामाला होता. तो पटकीनं गेला तेव्हा कतरीन चार वर्षांची होती. तेव्हापासून इजाबाय परसात भाजी करायची आणि बाजारात नेऊन विकायची. गिऱ्हाइकानं उचललेलं वांगं किडकं निघालं तर ती स्वतःच ते काढून घ्यायची. "हे नको नेऊ, आत अळी आहे." शेजारी बसणारी कळव्याची रंगूबाई कपाळाला हात लावायची. म्हणायची, "इजाबाय, तू अशानं कधी वर यायची नाहीस बघ."

"आपल्या पानात नको ते दुसऱ्याच्या पानात कशाला वाढायचं?" इजाबाय म्हणायची.

तिला वाचता येत नव्हतं. येशूनं सांगितलेल्यातलं तिला पक्कं कळलेलं होतं ते एवढंच, आणि चौदा वर्षं भाजी विकताना ते तिनं पाळलं होतं. वांग्याच्या बाबतीत ते सोपं होतं.

नवरा मुलगा कल्याणचा. इनास त्याचं नाव, रेल्वेत इंजिनावर कोळसा घालायच्या कामाला. त्याची आई मार्था हीही विधवाच. चार पोरांतला हा एकटा जगलेला. सोयरीक ठरली त्या दिवशी मार्थानं सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "बाई, माझा पोरगा मागं दोन वर्षं दारू प्यायचा. आता सोडलीय. पण तुला आधी कळलेलं बरं. मुलगी तुझी आहे." उथळसरच्या बायकांना तो भोळेपणा वाटला. इजाबायला त्याच वेळी ती बाई आवडली.

पहिल्या हाकेनंतरच्या मंगळवारी कतरीन चुलीपाशी बसून भाकऱ्या भाजत होती. कल्याणच्या खोलीला खिडकी आहे, तिथून गाड्या दिसतात, असं काहीबाही सांगत होती. इजाबायला करपल्याचा वास आला. भाकरी तव्यावर ठीक होती. मग तिनं पाहिलं, कतरीनच्या डाव्या हाताची करंगळी चुलीच्या तापल्या काठाला टेकलेली होती. कातडीतून धूर निघत होता आणि पोरगी बोलतच होती.

"अगं, हात!"

कतरीननं हात उचलला, करंगळीकडं पाहिलं आणि हसली. "कळलंच नाही की."

इजाबायनं खोबरेल लावलं. लावताना तिनं मुलीचा हात कोपरापर्यंत वळवून पाहिला. कोपराखाली रुपयाएवढा फिकट डाग होता. "हे शिबं कधीपासून?" "झालं की वर्षभर. खाजत नाही, काही नाही."  इजाबायच्या लहानपणी तिच्या सख्ख्या काकाला असाच डाग उठला होता. पुढं त्याला मिठागराच्या कडेला झोपडी बांधून दिली होती, आणि लांबून त्याचं जेवण ठेवून यायचं काम इजाबायकडं होतं. काका थोट्या हातांनी ताटली ओढून घ्यायचा, तो आवाज तिला अजून आठवायचा.

दुपारी लग्नाच्या चोळीची बाही बेतायचं निमित्त करून तिनं डागावर सुई टोचली. रक्ताचा थेंब वर आला. कतरीन म्हणत होती, "बाही जरा ढिली ठेव हं, आई."

दुसऱ्या दिवशी भाजल्याचं औषध आणायला म्हणून तिनं पोरीला सरकारी डॉक्टराकडं नेलं. डॉक्टरानं पीस फिरवलं, टाचणी टोचली, कोपराच्या आतली शीर दाबून पाहिली. मग कतरीनला पट्टी बांधायला बाहेर पाठवलं.

"महारोग आहे," तो म्हणाला. "सुरुवात आहे. कडूकवठीचं तेल लावा. काहींचा वर्षानुवर्षं वाढत नाही."

"आणि काहींचा?"

डॉक्टरानं कागदावर काहीतरी लिहायला घेतलं.

कतरीनला घरी पाठवून इजाबाय तशीच पाद्रीकडं गेली. पाद्री म्हातारा होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "बाई, आजारपण ही देवळाच्या कायद्यातली अडचण नाही. तू बोलली नाहीस तर मी लग्न लावीन. तू मला सांगितलंस ते माझ्यापाशीच राहील."

"मग मी गप्प राहू?"

"मी तसं म्हटलं नाही."

"मग काय करू ते सांगा, बाबा."

"आधी मुलीला सांग. तिचं अंग आहे. ते तिच्याआधी मला कळलं, हेच बरं झालं नाही." मग तो म्हणाला, "पुढचं मी सांगितलं आणि तू केलंस, तर आयुष्यभर मला बोल लावशील. देवापाशी बस. घाई करू नकोस, पण दुसरी हाक आइतवारी आहे, हेही विसरू नकोस."

इजाबायनं मुलीला सांगितलं. परसातल्या वाफ्यांपाशी, दिवसाउजेडी, दोघीच असताना. कतरीननं आधी मानलंच नाही. स्वतःच सुई आणली, टोचून पाहिली, पुन्हा टोचून पाहिली. मग मातीत बसली.

"इनासला सांगायचं नाही," ती म्हणाली. "आई, शपथ आहे तुला. डॉक्टरच म्हणाला ना, वाढत नाही म्हणून?"

"काहींचा, म्हणाला."

"मग मी त्या काहींतली असेन! तू प्रार्थना कर ना. रोज करतेस, आता कर!"

"त्याला नंतर कळलं म्हणजे?"

"नंतरचं नंतर. तोवर मला घर मिळालेलं असेल."

इजाबाय तिच्याजवळ बसली. "त्या मार्थानं आपल्यापासून काही लपवलं नाही, कतरीन. तिचा एकच पोरगा राहिलाय. पुढं तुला मुलं होतील..."

कतरीन ताडकन उठली. "मी काय तुझं किडकं वांगं आहे? गिऱ्हाइकाच्या हातातून काढून घ्यायला?"

 

तीन दिवस इजाबाय देवापाशी बसली. आतून आवाज आला, असं काही झालं नाही. उलट गप्प राहायची शंभर कारणं सुचत गेली, आणि सगळी खरी होती. आपण मेल्यावर पोरीला कोण? इनास चांगला आहे, टाकणार नाही. सगळं कदाचित बरंही होईल. पण प्रत्येक कारणाच्या शेवटी तिला मार्था दिसायची, सगळ्यांसमोर पोराचा दोष सांगणारी. आपण त्या जागी असतो, आणि हे ठाऊक असलेल्या बाईनं ते आपल्यापासून दडवलं असतं, तर? शनिवारी सकाळी ती उठली, कतरीनला म्हणाली, "मी कल्याणला जाते." कतरीननं तोंड भिंतीकडं फिरवलं.

गाडीनं कळव्याचा पूल ओलांडला तेव्हा खाडीला ओहोटी होती. अजून मुंब्र्याला उतरून परतता येईल, असं तिच्या मनात आलं. मुंब्रा आलं आणि गेलं. ती बसून राहिली.

मार्थाची खोली रुळांच्या कडेला होती. इनास घाटावर गाडी घेऊन गेलेला. मार्थानं विहीणबाईला पाट दिला, गूळपाणी दिलं, आणि लग्नात जेवायला किती माणसं धरायची ते विचारू लागली. इजाबायनं पाण्याला हात लावला नाही. बसल्या बसल्या सांगून टाकलं. काकाचं, करंगळीचं, डॉक्टराचं. एकही गोष्ट मागं ठेवली नाही.

 बाहेरून मालगाडी गेली, खोलीतली भांडी थरथरली.

"मला कशाला सांगितलंस?" मार्था म्हणाली, आणि रडायला लागली. "आता मलाच मोडावं लागणार! तुझ्या पोरीचं लग्न मी मोडायचं! तू गप्प राहिली असतीस तर देवाघरी तुला जबाब द्यावा लागला असता. आता तो माझ्यावर आला."

"चुकलंच माझं," इजाबाय म्हणाली.

"नाही गं. चुकलं नाही. म्हणूनच तर..." मार्थानं पदरानं डोळे पुसले. "मी इतकी थोर नाही, इजाबाय. मला माझ्या पोराची भीती वाटते."

"मलाही वाटली असती."

मग गावाला काय सांगायचं, हा प्रश्न आला. इजाबाय म्हणाली, जे आहे ते सांग. मार्थानं मान हलवली. "एकदा ते नाव निघालं की पोरीला उद्यापासून विहिरीवर चढू देणार नाहीत. सोयरीक मी मोडली, एवढंच सांगेन. ते खरंच आहे. का मोडली ते कुणाला सांगायचं माझ्यावर बंधन नाही."

"लोक तुला बोलतील."

"बोलू देत."

दुसऱ्या दिवशी मिस्सेत कतरीनचं नाव आलं नाही. बायका मागं वळल्या, नवरी तिथं नव्हती. आठ दिवसांत उथळसरभर झालं की कल्याणच्या मार्थाला रेल्वेचा माज चढला, मोठं घर बघून तिनं गरिबाची पोर टाकली. कुणी तिला शाप दिले, कुणी इजाबायच्या दारात येऊन सांत्वन केलं. त्या सांत्वनाला इजाबाय नुसती मान हलवायची. घरात येऊन ती मार्थासाठी गुडघे टेकायची.

कतरीन आईशी बोलेनाशी झाली. काम करायची, तेल लावून घ्यायची, पण शब्द नाही.

उपासाचे चाळीस दिवस सरत आले तेव्हा एका दुपारी इनास आला. आईनं त्याला सगळं सांगितलं होतं. ओटीवर बसून तो म्हणाला, "मी आईचं ऐकणार नाही. मला काही फरक पडत नाही. मी कतरीनशीच लग्न करीन."

कतरीन आतून आली. कितीतरी दिवसांत इजाबायनं तिचा चेहरा असा उजळलेला पाहिला नव्हता. ती त्याच्यासमोर उभी राहिली, बाही वर केली आणि डावा हात पुढं धरला. डाग आता वाढला होता, करंगळी थोडी आत वळली होती.

इनासनं हाताकडं पाहिलं. त्याचा हात गुडघ्यावरून उचलला गेला आणि अर्ध्या वाटेत थांबला. त्याला घ्यायचा होता, हे तिघांनाही दिसत होतं. कपाळावर घाम आला होता. हात पुढं गेला नाही.

कतरीननं बाही खाली केली. "जा, इनास," ती हळू म्हणाली. "गाडी चुकेल तुझी."

तो रडत रडत गेला. संध्याकाळी कतरीननं दोघींची ताटं वाढली आणि कितीतरी आठवड्यांनी आईशी बोलली.

"लग्नानंतर हे झालं असतं तर मी कुठं गेले असते गं?"

इजाबायनं तिच्या पानात आणखी एक भाकरी वाढली.  पोर बोलली होती.

पुढं व्हायचं ते झालं. कतरीन त्या काहींतली नव्हती. पाच वर्षांत बोटं गेली, मग चेहरा ओळखू येईना. नाव लपून राहिलं नाही. विहीर बंद झाली, बाजारात इजाबायची भाजी कुणी घेईना. रंगूबाई तेवढी कळव्याहून येऊन तिची टोपली स्वतःच्या मालात मिसळून विकायची. पोरीला झोपडीत ठेवा, असं लोक सांगून गेले. इजाबायनं ते ऐकलं नाही. ती रोज मुलीला स्वतःच्या हातानं भरवायची. कधीकधी कतरीन म्हणायची, "तू सांगितलं नसतंस तर एखादं वर्ष तरी सुखाचं गेलं असतं." दुसऱ्या दिवशी म्हणायची, "बरं केलंस." इजाबाय दोन्ही ऐकून घ्यायची. तिला स्वतःलाही दोन्ही वाटायचं.

कतरीन अठ्ठाविसाव्या वर्षी तापानं गेली. सकाळी गेली, आणि दुपारपर्यंत घरात कुणी आलं नाही. पाद्री येऊन प्रार्थना म्हणून गेला. खड्डा खणायला चौघं तयार झाले, पण अंगाला पाणी घालायला एकही बाई पुढं येईना. इजाबाय पाणी तापवून बसली होती. एकटीला प्रेत उचलता येत नव्हतं.

तिसऱ्या प्रहरी दारात मार्था उभी राहिली. केस पांढरे झालेले, चालताना धाप लागत होती. ठाण्याहून गेलेल्या कुणा रेल्वेवाल्यानं तिला सांगितलं होतं. गेली कित्येक वर्षं या आळीत लोक तिचं नाव घेऊन थुंकत आले होते, त्याच आळीतून ती दिवसाउजेडी चालत आली होती.

"उशीर झाला का?" तिनं विचारलं.

"नाही."

मार्थानं लुगड्याचा काष्टा खोचला, बाह्या वर केल्या. दोघींनी मिळून कतरीनला न्हाऊ घातलं. मार्थानं तिचे उरलेसुरले हात एकेक करून पुसले, सावकाश, तान्ह्या मुलाचे पुसावेत तसे. तिला वास आला नसेल असं नाही, भीती वाटली नसेल असंही नाही. एकदा बाहेर जाऊन तिनं भिंतीला हात टेकून श्वास घेतला आणि परत आत आली.

माती देऊन झाल्यावर इजाबाय म्हणाली, "आता जा तू. सून वाट बघत असेल. घरात नातवंडं आहेत."

"आज नाही जात," मार्था म्हणाली. तिनं साबण मागून घेतला, परसात जाऊन हातपाय खसखसून धुतले, चूल पेटवली आणि तांदळाची पेज ठेवली. इजाबायनं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. दोन वाट्या भरून मार्था तिच्याजवळ बसली. "खा," ती म्हणाली. इजाबायनं वाटी हातात धरली, आणि मग ती रडली. मार्थानं तिला थांबवलं नाही. पेज निवली तेव्हा उठून तिनं ती पुन्हा गरम केली.