जिंजाच्या हंसाबेन

गुरुवारी सकाळी अकरा वाजून सात मिनिटांनी गिरिजाने अहवाल पाठवून दिला आणि खुर्चीतल्या खुर्चीत हातपाय ताणले. चार महिन्यांचं दुखणं एकदाचं संपलं होतं. आयर्लंडच्या कॉर्क काउंटीतली आर्मेनियन लोकांची वीस घरं आणि युगांडाच्या लोकांची सतरा घरं यांची तुलना. कोण काय काम करतं, कुणाला कशी जागा मिळाली, कुणाच्या डिग्रीला इथे कुणी विचारतं का, आणि अडल्या वेळी कोण कुणाच्या दारात जातं. चौपन्न पानं, वर रंगीत तक्ते.

"झालं रे बाबा!" ती स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडली. "चहा टाक. आणि वरच्या कपाटातली ती चांगली बिस्किटं काढ, पाहुण्यांसाठी लपवलेली."

संकेत, तिचा नवरा, रिंगास्किडीच्या एका औषधांच्या कारखान्यात होता आणि आज त्याची दुपारची पाळी होती. "तुझ्या कामाचा पगार मिळायच्या आधीच बिस्किटं संपणार," असं म्हणत त्याने आधण ठेवलं.

गिरिजा मूळची पुण्याची, सॉफ्टवेअरवाली. कंपनीने वर्षापूर्वी माणसं कमी केली त्यात तिचाही नंबर लागला. मग हे काम मिळालं, नव्याने आलेल्या लोकांना मदत करणाऱ्या एका छोट्या संस्थेत, कंत्राटी. तिथली नोरीन घरांच्या अडचणी बघायची. गिरिजाच्या तक्त्यात ज्या घरापुढे लाल खूण असेल, त्या घराला नोरीन लगेच फोन करायची. म्हणजे हा नुसता कागदी उद्योग नव्हता, आणि याचा गिरिजाला अभिमान होता. आपल्याला माणसं कळतात याचा तर त्याहून मोठा.

घरोघर जायचं काम तिचं नव्हतं. आर्मेनियन घरांत अनाहित जायची, जी केकच्या दुकानात कामाला होती. युगांडाच्या घरांत नाकाटो, जी म्हाताऱ्या माणसांच्या एका नर्सिंग होममध्ये केअरर होती. दोघींनी माहिती भरून पाठवायची आणि गिरिजाने ती चाळून-निवडून मांडायची. मांडता मांडता तिला गंमत वाटायची. युगांडाच्या लोकांना इंग्रजी येतं, म्हणून आल्या आल्या काम मिळतं, पण बी.ए., एम.ए. झालेली माणसंसुद्धा वर्षानुवर्षं त्याच कामाला चिकटून राहतात. आर्मेनियन लोकांचं इंग्रजी अडखळतं, पण हातात कसब असतं. कुणी फरशा बसवतो, कुणी गाड्या दुरुस्त करतो, आणि पाच वर्षांत स्वतःची व्हॅन घेतो. युगांडावाल्यांचं दर रविवारी चर्च भरतं, तिथे नोकऱ्या मिळतात, लग्नं जुळतात, भांडणं मिटतात. आर्मेनियन मोजकेच. त्यांना असं हक्काचं ठिकाण नाही, म्हणून ते एकमेकांच्या जेवणाच्या टेबलाभोवतीच काय ते भेटतात. घराच्या बाबतीत मात्र दोघेही सारखेच रडकुंडीला आलेले.

अहवालाचं दुसरं प्रकरण तिचं सर्वांत लाडकं होतं. अनाहितच्या वीस घरांपैकी अकरा घरांतली माणसं आर्मेनियात जन्मलेलीच नव्हती. कुणी अलेप्पोचं, कुणी तिबिलिसीचं, कुणी बैरूतचं. "मग हे आर्मेनियन कसे?" असं नोरीनने सरळ विचारलं, तेव्हा गिरिजाने दोन पानं भरून उत्तर लिहिलं. माणूस कुठला हे त्याच्या जन्माच्या दाखल्यावरून किंवा पासपोर्टावरून ठरवू नये, तो स्वतःला कुठला म्हणवतो ते बघावं. नोरीन वाचून म्हणाली होती, "ग्रँड. असं कुणी आजवर समजावलं नव्हतं." गिरिजा दोन दिवस हवेत होती.

चहाचा पहिला घोट घेतला आणि फोन वाजला. नाकाटो होती.

"गिरिजा, जाजाला अजून कुणी फोनच केलेला नाही."

"कुठली जाजा?"

"जाजा म्हणजे आजी गं. हंसा. कोव्हमधली हंसा ठक्कर. माझ्या यादीतलं अठरावं घर. मी लाल खूण केली होती. मीच तिला सांगितलंय, संस्थेचा फोन येईल, तू काही करू नकोस. ती बिचारी दोन आठवडे फोनपाशी बसून आहे. मुदत उद्या संपते!"

ठक्कर हे नाव ऐकलं मात्र, गिरिजाला ती यादी आठवली.

अकरा दिवसांपूर्वीच्या रविवारी दुपारी ती नाकाटोची यादी तपासत होती. नामुली, ओकेलो, मुकासा असं वाचत खाली गेली आणि शेवटी तीन नावं आली: ठक्कर, पटेल, डिसूझा. ती हसलीच होती. संकेतला हाक मारून दाखवलंही होतं, "बघ, आपली माणसं युगांडाच्या यादीत! नाकाटोने गुजराती शेजारणीचंही नाव घातलंय." आडनाव कळलं की माणसाचं गाव, जात, घरातली आमटी आंबट की गोड, सगळं कळलं असं मानणाऱ्या घरात ती वाढली होती. एखाद्या आयरिश बाईने जे लिहिलंय ते तसंच ठेवलं असतं. गिरिजा पडली जाणकार. तिने तिन्ही ओळी खोडल्या, शेजारी 'चुकीची नोंद' असं लिहिलं, आणि नोरीनकडे सतरा घरांची स्वच्छ यादी पाठवली. नाकाटोला एका शब्दाने विचारलं नाही.

तिने जुनी फाइल उघडली. पटेल, डिसूझा यांच्यापुढे लाल खूण नव्हती, पण अठरावी ओळ. जन्म: जिंजा, युगांडा. वय सत्तर. एकटी. पुढे लाल खूण आणि नाकाटोची टीप: 'घरमालकाची नोटीस. तक्रार करायची मुदत तीन आठवडे. कृपया लवकर.' ही टीप तिने वाचलीच नव्हती. नावापाशीच तिचं वाचन संपलं होतं.

"गिरिजा? ऐकतेयस ना?"

"काहीतरी गडबड झाली," ती म्हणाली. गडबड झाली म्हणणं फार सोयीचं असतं, कुणी केली ते सांगावं लागत नाही. "मी आत्ता जाते तिच्याकडे. आत्ता निघते."

संकेतने तिचा चेहरा पाहिला आणि एका मिनिटात सगळं काढून घेतलं. "आडनाव बघून खोडलंस?" एवढंच विचारलं. मग गाडीची किल्ली तिच्या हातात कोंबली. "मी कारखान्यातल्या विशालबरोबर जातो कामावर. ओरडायचंय ते मी रात्री ओरडेन, आधी जा."

कॅरिगलाइनहून कोव्हला जायचं तर ग्लेनब्रुकची फेरीबोट सोयीची, गाडीसकट पाच मिनिटांत पलीकडे. त्या पाच मिनिटांत गिरिजाने देवाला काय काय कबूल केलं ते तिचं तिला माहीत. तिच्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं: सत्तर वर्षांची बाई, दोन बॅगा, आणि कॉर्कभर कुठेही रिकामी खोली नाही. घरांचं इथे काय झालंय हे तिनेच चौपन्न पानांत लिहिलं होतं, त्यामुळे स्वतःची समजूत घालायलाही काही उरलं नव्हतं. पाण्यावरूनच तिने नोरीनला फोन लावला. नोरीन म्हणाली, "पत्राचा फोटो पाठव. सगळ्या पानांचा. बाकी नंतर बोलू."

हंसाबेनचं घर चढावरच्या एका उंच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होतं. दार उघडलं ते एका बुटक्या, ताठ बाईने. कार्डिगन, पँट, कपाळावर लहानशी टिकली.

"हंसाबेन, केम छो?" गिरिजा धापा टाकत म्हणाली. तिला येणारं गुजराती तेवढंच.

"आय ॲम वेल," त्या कोरड्या आवाजात म्हणाल्या. "तुम्ही संस्थेच्या? नाकाटोने कळवलं. या आत."

पुढचं बोलणं हिंदी आणि इंग्रजीच्या मिसळीत झालं. पत्र टेबलावर, काचेच्या वाटीखाली, नीट घडी घालून ठेवलेलं होतं. चौदा वर्षं त्या या दोन खोल्यांत राहत होत्या. नवरा बंदरातल्या एका कारखान्यात फिटर होता, सहा वर्षांपूर्वी गेला. मूलबाळ नाही. आता मालकाच्या मुलीला जागा हवी होती.

"मी सामान बांधायला घेतलं होतं," त्या म्हणाल्या आणि पलंगाखालचं खोकं दाखवलं. "मला सवय आहे. पण आता गुडघे ऐकत नाहीत."

गिरिजाने पत्राची दोन्ही पानं फोटो काढून पाठवली. मग दोघी समोरासमोर बसल्या. गिरिजाला हंसाबेनच्या डोळ्याला डोळा देववत नव्हता, म्हणून ती खिडकीबाहेरचं बंदर बघत होती. बारा मिनिटांनी फोन वाजला. तिने आवाज मोठा केला.

"तिसरं पान कुठाय?" नोरीनने विचारलं.

"तिसरं नाही. दोनच आलीत," हंसाबेन म्हणाल्या.

"नक्की? पाकिटात, कुठे खाली पडलं असेल असं?"

"बाई, मी ते पत्र रोज वाचते. दोनच पानं आहेत."

नोरीन चक्क हसली. "मग हा पठ्ठ्या घाईत चुकला. मुलीसाठी जागा हवी असेल तर सोबत शपथपत्र जोडावं लागतं. ते नाही, तर या नोटिशीला अर्थ नाही. पण आपण म्हटलं पाहिजे, आणि मुदतीत म्हटलं पाहिजे. मी आत्ताच भाडेकरूंच्या मंडळाकडे तक्रार टाकते. दहा मिनिटं द्या."

दहाऐवजी वीस मिनिटं लागली. मग गिरिजाच्या फोनवर पोच आली, तक्रारीच्या क्रमांकासकट. खाली नोरीनने लिहिलं होतं: 'आजींना सांग, खोकं उघडून सामान परत लावायला हरकत नाही. त्याने नवीन नोटीस काढली तरी मुदत पहिल्यापासून मोजली जाईल, आणि तोवर त्यांना जागा शोधणं हे माझं काम.'

गिरिजाने ते मोठ्याने वाचलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. इतका पडला की तिला हसूही येईना, नुसते हुंदके येऊ लागले. हंसाबेननीच उठून तिला पाणी दिलं. "अहो, घर माझं वाचलं, आणि रडता तुम्ही?" त्या म्हणाल्या, पण त्यांचाही आवाज सैल झाला होता.

एवढ्यात त्यांच्या टॅबवर नाकाटोचा व्हिडिओ कॉल आला. ती कामाच्या सुटीत होती, निळ्या गणवेशात. हंसाबेननी बातमी सांगितली ती लुगांडात, युगांडातल्या भाषेत. नाकाटो किंचाळली, हंसाबेन टाळ्या वाजवू लागल्या, मग दोघी एकमेकींना काहीतरी सांगत खो-खो हसल्या. मघाशी हिंदीत शब्द जुळवून बोलणारी ही बाई आता हातवारे करत, मान वेळावत, भराभर बोलत होती. गिरिजाला त्यातलं अक्षरही कळत नव्हतं. त्या खोलीत परकी कोण असेल तर ती एकटीच होती.

कॉल संपला. हंसाबेननी चहा केला, बशीत चिवडा ठेवला, आणि मग सहज विचारावं तसं विचारलं, "नाकाटो म्हणाली होती आठवड्यात फोन येईल. इतके दिवस का लागले?"

कामाचा फार ताण होता, असं म्हणता आलं असतं. संस्थेत माणसं कमी आहेत, हेही खरंच होतं. गिरिजाने बशी खाली ठेवली.

"मी अकरा दिवसांपूर्वी तुमचं नाव खोडलं होतं," ती म्हणाली. "ठक्कर वाचलं आणि ठरवून टाकलं की तुम्ही आमच्यातल्या, भारतातल्या. युगांडाच्या कशा असाल? विचारलंसुद्धा नाही कुणाला. अलेप्पोत जन्मलेल्या आर्मेनियन माणसासाठी मी दोन पानं लिहिली, हंसाबेन. तुमच्यासाठी एक फोन केला नाही. माझं चुकलं."

कपाच्या कानाशी हंसाबेनचं बोट फिरत राहिलं. गिरिजाला वाटलं, आता या आपल्याला दार दाखवणार, आणि दाखवलं तर बरोबरच आहे.

"मी भारत पाहिलेलाच नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "एकदाही नाही. माझे वडील जिंजात जन्मले, मीही तिथेच. सतरा वर्षांची होते. एक दिवस तिथल्या लष्करी सरकारने सांगितलं, तुम्ही इथले नाही, नव्वद दिवसांत निघा. आमची नावं त्यांनीही आडनाव बघूनच खोडली होती."

गिरिजाची मान खाली गेली.

"वर बघ," हंसाबेन म्हणाल्या. पहिल्यांदाच त्या तिला अगं-तुगं करत होत्या, पण त्यात राग नव्हता. "विमानतळावर शिपायाने माझ्या हातातली बांगडी काढून घेतली. तेव्हापासून मी वाट बघत होते, कुणीतरी येईल आणि म्हणेल, चुकलं आमचं. इंग्लंडात पहिली काही वर्षं दाराची बेल वाजली की मला तेच वाटायचं. मग वडील गेले, आई गेली, नवरा गेला, मी वाट बघणं सोडून दिलं." त्यांनी चिवड्याची बशी तिच्याकडे सरकवली. "त्रेपन्न वर्षांत त्यांच्याकडून कुणी आलं नाही. तू अकरा दिवसांत जिने चढून आलीस. खा आता."