समुद्राची परवानगी

गव्हर्नरांचं जुनं निवासस्थान वर्षातून एकदाच, सहा जूनच्या राष्ट्रीय दिनी, लोकांना आतून बघायला मिळायचं. दारातल्या रांगेत सिक्स्टेन पिशवी पोटाशी धरून उभा होता. पिशवीत पत्र्याचा डबा होता आणि डब्यात त्याची बायको गुनवोर. सगळी राख.

गुनवोर या घराच्या माळ्याची मुलगी. मागच्या बागेतल्या नाशपतीखाली खेळून मोठी झालेली. ‘मला तिथंच टाक,’ एवढंच तिने मागितलं होतं. पण राख कुठे सोडायची, याची परवानगी गव्हर्नरांचंच कार्यालय देतं, आणि बाग मागितली तर नकार ठरलेला. म्हणून त्याने समुद्र मागितला. समुद्र लगेच मिळाला. गुनवोरला नावेत पाय ठेवला की उलट्या व्हायच्या.

“पिशव्या इथंच ठेवायच्या,” घर दाखवणारी तोवे दारात म्हणाली. त्याने डबा काढून काखेत घेतला.

“अगं बाई, कॉफीबरोबर पाव आणलेत!” मागून माय-ब्रिट नावाची एक जाडजूड बाई ओरडली. “दालचिनीचे का हो?”

“हो,” तो बोलून गेला. कॉफी बागेतच मिळणार होती.

“बघा, नाहीतर आपण! रिकाम्या हाताने आलो,” तोवे सगळ्यांना म्हणाली. “सगळ्यांना वाटू.”

मग दालनं, तसबिरी, मोठी झुंबरं. त्याला काही दिसलं नाही. माय-ब्रिटने मध्येच डबा हातात घेऊन पाहिला. “बाप रे, विटा भाजल्यात की काय?”

त्याने तो जवळजवळ हिसकावूनच घेतला.

बागेत टेबल मांडलं होतं. त्याच्या मागे नाशपती उभी होती, आणि वाटेत सुरक्षारक्षक. तोवेने झाकणाला हात घातला. सिक्स्टेनने वर आपला हात दाबला.

“उघडू नका.”

बोलणी थांबली. रक्षक जवळ आला. “काय आहे त्यात?”

सिक्स्टेन तोवेच्या कानाशी वाकला. “बायको आहे माझी. कागद समुद्राचा आहे. तिला ते झाड पाहिजे होतं.”

तोवेचा चेहरा उतरला.

“काय म्हणतात?” रक्षकाने विचारलं.

“पाव करपलेत म्हणतात. लाज वाटते त्यांना.”

तेवढ्यात झाडाच्या विरुद्ध बाजूला तुतारी वाजली. झेंडा वर चढू लागला, राष्ट्रगीत सुरू झालं आणि सगळे तिकडे तोंड करून ताठ उभे राहिले. रक्षकसुद्धा.

“दोनच कडवी आहेत,” तोवे पुटपुटली आणि तिनेही पाठ फिरवली.

पळालं तर कोणी बघेल म्हणून तो चालतच गेला. झाडाखाली गुडघे टेकले. झाकण अडकलं होतं. नख मोडलं, पहिलं कडवं संपलं. मग झाकण निघालं. तो ओतत होता आणि हाताने गवतात पसरत होता. ढीग दिसून चालणार नव्हतं.

गाणं थांबलं. डब्यात अजून पुष्कळ राख होती. रक्षक वळला, त्याने पाहिलं आणि तो सरळ झाडाकडे निघाला. सिक्स्टेन उठला नाही.

माय-ब्रिटने आधी त्याचे राखाडी हात पाहिले, मग डबा. हातातला कप तिने तिथंच टेबलावर आपटला आणि ती रक्षकाच्या आडवी आली.

“थांबा हो जरा! माणूस गुडघ्यांवर बसलाय, दिसत नाही का?”

रक्षक थांबला. सिक्स्टेनने डबा पालथा केला आणि तळावर थाप मारली.